बोरनळीचे साठ जण

बोरनळी विज्ञान केंद्राच्या पूर्व अंबारखान्यात डॉ. ललिता खातू भिंतीपुढे स्टूल टाकून बसल्या होत्या. त्यांनी भिंतीला श्वासमापी लावला होता. हे यंत्र दिसायला शिवणयंत्राच्या डोक्यासारखं होतं आणि आवाजही तसाच करत होतं. त्याच्या टोकाची प्रकाशछिन्नी भिंतीवरचा जुना चुना केसाहून पातळ सोलत होती. सुटलेला प्रत्येक पापुद्रा यंत्र तापवायचं, त्यातून निघालेला वायू तोलायचं आणि आकडा पडद्यावर टाकायचं.

मागे हात बांधून रघुवीर होनराव उभे होते. केंद्रात सहा पदं मंजूर होती. त्यातलं केंद्रप्रमुखाचं पद होनरावांकडे होतं आणि मार्गदर्शक, पहारेकरी, सफाईगार, तारतंत्री व तारांगण-निवेदक ही उरलेली पाच त्यांच्याकडे तात्पुरती होती. तात्पुरतीला नऊ वर्षं झाली होती.

बोरनळीचा भुईकोट चार बुरुजांचा. खंदकात आता पाण्याऐवजी बाभळी. आत समोरासमोर दोन अंबारखाने, एकाच मापाचे, एकेकच दार असलेले, जुळ्या भावांसारखे. पश्चिमेकडच्या अंबारखान्याला नऊ वर्षांपूर्वी जुन्या पद्धतीने चुन्याचा गिलावा करून विज्ञान केंद्र केलं होतं. त्यात एक मोठा लोलक होता, माणसाला आडवंतिडवं दाखवणारे आरसे होते, आणि एक सूर्यमाला होती. तिच्यातल्या शनीचं कडं हरवल्यामुळे होनरावांनी तिथे चुंबळ बसवली होती. ती कड्यापेक्षा बरी दिसायची.

बघायला मात्र कोणी येत नसे. घरबसा चष्मा आल्यापासून माणसं सगळं घरून पाहत. चष्म्यातल्या बोरनळीच्या खंदकात पाणी होतं आणि त्यात मगरीही होत्या.

"होनराव, इथे साठ माणसं राहिली, हे नक्की ना?" खातूबाईंनी मागे न बघता विचारलं.

"नक्की म्हणजे मॅडम, मी रोज सांगतो तसं. अकरा महिने वेढा. इथले साठ शिपाई दिवसभर तटावर आणि रात्री याच खोलीत झोपायला. चाळीस चुलींचा धूर, चारी बुरुजांवर नगारे. पूर्व किनाऱ्याकडून आलेल्या एका सरदाराची पाच हजारांची फौज बाहेर ताटकळलेली. शेवटी दार फोडून आत शिरले तर कोट रिकामा! साठच्या साठ भुयारातून पसार."

"भुयार सापडलंय?"

"तीनदा खणलं. एकदा जुनी विहीर लागली आणि दोनदा आमच्याच केंद्राची पाण्याची नळी."

खातूबाई हसल्या. त्या मूळ गुहागरच्या, आता मुख्यालयाच्या खनिज प्रयोगशाळेत. वेढ्याचं त्रिशताब्दी वर्ष होतं, कोटात शिलालेख बसायचा होता, आणि त्यावरचा साठ हा आकडा शास्त्रीय असावा असं संचालकांना वाटत होतं.

"मॅडम, एक विचारू? मीही एके काळी भौतिकशास्त्र शिकलोय, म्हणून विचारतो. भिंतीला माणसं मोजता कशी येतील?"

"चुना सुकतो म्हणजे काय होतं?"

"सुकत नाही तो. हवेतला कर्बवायू घेऊन परत दगड होतो. आधी वरचा थर, मग आत आत."

"बरोबर. म्हणजे वरचा थर पहिल्या आठवड्यातल्या हवेचा, त्याखालचा पुढच्या आठवड्यातल्या. जसजसं खोल जाल तसतसा काळ पुढे. आता बंद खोलीत कर्बवायू कुठून येतो?"

"माणसाच्या नाकातून."

"आणि श्वासातला कर्ब बाहेरच्या हवेतल्या कर्बाहून वेगळा ओळखता येतो. वजनात किंचित फरक असतो. तेव्हा कुठल्या आठवड्यात चुना किती श्वास प्याला ते मला कळतं. या खोलीचा गिलावा वेढ्याच्या आधी आठ दिवस झाला, दफ्तरात नोंद आहे. पहिलं वर्ष अख्खं या दोन नखांच्या जाडीत आहे."

होनरावांनी भिंतीकडे पाहिलं. मूळ गिलावा फक्त तळहाताएवढा उरला होता. बाकी सगळीकडे प्रेमिकांची नावं होती. तीही जुनी, चष्म्याच्या आधीच्या काळातली.

"पण श्वास किती ते कळलं, तरी माणसं किती ते कसं कळणार?" होनराव म्हणाले. "एक माणूस म्हणजे किती चुना?"

"तेच तर!" खातूबाई पहिल्यांदाच वळल्या. "त्यासाठी मला ताडून बघायला दुसरी खोली हवी. अशीच, एवढीच, एकाच दाराची, नव्या चुन्याची, आणि जिच्यात रोज किती माणसं किती वेळ होती याची लेखी नोंद आहे अशी. जगात कुठे मिळाली नसती. तुमच्याकडे समोरच आहे. आणि नोंदवही हस्ताक्षरातली! उद्या ती नऊ वर्षांची चळत काढून ठेवा."

होनराव "ठेवतो" म्हणाले आणि चहा टाकायला गेले. चहात साखर घालायला विसरले, हे खातूबाईंनी सौजन्याने सांगितलं नाही.

आता त्या नोंदवहीविषयी.

यंत्राने मोजलेले प्रेक्षक खोटे निघतात असा अनुभव आल्यावर विभागाने हस्ताक्षर-ग्राह्यता नियम काढला होता. प्रत्येक प्रेक्षकाने स्वतःच्या हाताने नाव, गाव, आल्या-गेल्याची वेळ आणि अभिप्राय लिहायचा. सहा तासांपेक्षा कमी थांबणारा 'जिज्ञासू' न धरता 'सावलीला आलेला' धरायचा. रोजची सरासरी पन्नास जिज्ञासूंखाली गेली की केंद्र बंद, आणि केंद्रप्रमुखाची बदली मुख्यालयातल्या अतिरिक्त मनुष्यबळ कक्षात. होनरावांनी तो कक्ष एकदा पाहिला होता. चारशे माणसं चष्मे लावून ओळीने बसलेली, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बोरनळीला निदान लोलक तरी हलायचा.

नव्या केंद्राचे पहिले सात महिने सरासरीत धरत नसत; त्यांत अकरा जण आले. त्यातले नऊ सावलीला आलेले. आठव्या महिन्यात होनरावांनी पहिलं नाव स्वतः लिहिलं. मग रोज साठ. पन्नास पुरले असते, पण साठ हा आकडा त्यांच्या तोंडात बसलेला होता. उजव्या हाताने, डाव्या हाताने, दोन बोटांत पेन धरून, टेबलाऐवजी मांडीवर वही ठेवून, अशी त्यांची चोवीस वळणं होती. अभिप्रायही खरे वाटावेत म्हणून ते अधूनमधून स्वतःविरुद्ध तक्रार लिहीत. एकदा 'केंद्रप्रमुख उद्धटपणे बोलले' असं औशाच्या एका गृहस्थांच्या वतीने लिहिलं. त्यावर मुख्यालयातून त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. होनरावांनी लेखी माफी मागितली, आणि पुढच्या महिन्यात औशाचे गृहस्थ पुन्हा येऊन 'वागणुकीत सुधारणा दिसली' असं लिहून गेले.

निलंग्याच्या एका काल्पनिक कुटुंबातली मुलगी पहिलीत असताना प्रथम आली होती. यंदा ती आठवीत होती. तिच्या अक्षराला होनराव दरवर्षी थोडं थोडं वळण लावत आले होते.

आणि आता पश्चिमेची भिंत बोलणार होती. सहा पदांवरचा मिळून एकच माणूस त्या खोलीत दहा ते पाच बसतो, हे नऊ वर्षांच्या चुन्यात शब्दशः दगड होऊन बसलं होतं.

खातूबाई चार दिवस पश्चिमेच्या हॉलमध्ये यंत्र चालवत होत्या. त्या चार दिवसांत 'मॅडम तपासणीला आहेत, केंद्र बंद' अशी पाटी दारावर लावायची सोय होती, म्हणून होनरावांनी नावं लिहिली नाहीत. हाताला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. त्यांनी सामान कशात भरायचं याचा विचार केला. भरण्यासारखं सामान एका पिशवीत मावत होतं, तेव्हा तोही विचार लवकर संपला.

पाचव्या दिवशी सकाळी खातूबाई दरवाज्यातून जवळजवळ धावत आल्या.

"होनराव! साठ!"

"काय साठ?"

"दोन्ही भिंती सारख्या! पूर्वेच्या चुन्याने वेढ्यात जेवढा श्वास घेतला, तेवढाच तुमच्या हॉलच्या चुन्याने घेतला. झोपेतला श्वास मंद असतो, तो फरकही काढून टाकला. पहिले सात महिने सोडून तुमच्या वहीत सरासरी साठ माणसं, दिवसाला सात तास. तिकडे शिपाई रात्रीचे सात तास. म्हणजे साठच! एक-दोन इकडेतिकडे. अहो, दंतकथा खरी निघाली!"

"वही... जुळली?" होनरावांनी विचारलं.

"वही जुळायची कशाला? वही तर मोजपट्टी आहे. मोजपट्टीला कोण मोजतं?"

होनराव खुर्चीत बसले. नऊ वर्षांत प्रथमच त्यांना इतकं हलकं वाटलं. मोजपट्टीला कोणी मोजत नाही. वाचलो. त्यांनी चहा टाकला, साखर दोनदा टाकली, आणि कप खातूबाईंच्या हातात देता देता थांबले.

दोन्ही भिंती सारख्या.

पश्चिमेच्या खोलीत रोज किती माणसं असतात, हे जगात फक्त त्यांना माहीत होतं. एक. मग पूर्वेच्या खोलीत?

"होनराव, कप सोडा," खातूबाई म्हणाल्या.

एक माणूस. अकरा महिने. चाळीस चुली एकट्याने पेटवायच्या आणि एका बुरुजावर नगारा वाजवून पळत दुसऱ्यावर जायचं. तटावर पागोटी काठ्यांना बांधून ठेवायची असतील. भुयार सापडत नव्हतं, कारण ते कधी लागलंच नव्हतं. साठ माणसांना पसार व्हायला भुयार लागतं. एकटा दरवाज्याच्या गर्दीतून घोड्याचा चारा डोक्यावर घेऊनही बाहेर पडतो.

त्या दुपारी होनरावांनी वहीत नावं लिहिली, पण साठाव्या नावाशी त्यांना दम लागला. वेढ्यातल्या त्या माणसाला पाच वाजता सुटी नव्हती.

बातमी पसरली. संचालकांनी चष्म्यावरून अभिनंदन केलं आणि शिलालेखाचा मजकूर पक्का केला. आठवड्याने खातूबाईंनी पूर्ण आलेख मुख्यालयाला पाठवला, तेव्हा आणखी आनंदीआनंद झाला. कारण सातव्या महिन्यात रेघ एकदम दुप्पट झाली होती.

"म्हणजे कुमक आली!" संचालक पडद्यावर म्हणाले. "आणखी साठ वीर! आणि वेढा पडलेला असताना आले, म्हणजे भुयार आहेच. चौथ्यांदा खणू."

होनरावांनी आलेख जवळ ओढला. चार महिने रेघ वरच होती. मग शेवटचे काही दिवस परत खाली, पहिल्याइतकी.

संचालक पडद्यावरून गेल्यावर होनरावांनी विचारलं. "मॅडम, हे जे नंतर आले... ते कोण होते, ते नाही का कळत?"

"नाव-गाव नाही कळत. पण काय खात होते ते कळतं. ज्वारी-बाजरी खाणाऱ्याच्या श्वासातला कर्ब जड असतो. भात-गहू खाणाऱ्याचा हलका. बारीक मोजणी केली तर प्रत्येकाची रेघ निराळी पडते."

"मग करा ना."

"चुना कुठाय? अर्धा तळहात उरलाय, तोही शिलालेखाशेजारी काचेत जाणार आहे. बारीक मोजणीला तो सगळा खरवडावा लागेल. आणि एकशेवीस जणांच्या रेघा एकमेकींत मिसळून नुसता चिखल होईल. साठ माणसं काय जेवली एवढ्यासाठी तीनशे वर्षांची भिंत संपवायची? संचालक मला कच्चं खातील."

त्यांचं बरोबर होतं. साठ माणसांसाठी भिंत संपवण्यात अर्थ नव्हता.

होनराव दोन दिवस पूर्वेच्या अंबारखान्यात जाऊन बसले. सहा महिने एकटा असलेल्या माणसाकडे कोणीतरी आलं होतं. पाच हजारांचा पहारा ओलांडून आलं, आत कोणी नाही हे त्याने पाहिलं, आणि परत गेलं नाही. ते कोण होतं, हे शोधण्याची एकच जागा जगात होती आणि ती पुढच्या सोमवारी काचेत बंद होणार होती. बायको होती का त्याची? भाऊ? ते कळायला हवं असेल तर साठ म्हणजे एक, हे खातूबाईंना सांगावं लागणार होतं. ते सांगितलं की पिशवी भरायची.

शनिवारी सकाळी त्यांनी नोंदवही खातूबाईंपुढे ठेवली, डाव्या हातात पेन घेतलं आणि औशाच्या गृहस्थांची सही केली. मग पेन दोन बोटांत धरून निलंग्याच्या मुलीची.

खातूबाईंनी पानं उलटली. पुढची, मागची.

"सगळी?"

"पहिले सात महिने सोडून. त्यातले अकरा खरे आहेत."

"होनराव, मी हे जगापुढे मांडलंय!"

"म्हणून तर सांगतोय. तुमची पट्टी चुकीची आहे. तिकडे एक होता, मॅडम. एकटा. मग कोणीतरी आलं. मला फक्त ते कोण एवढं कळू द्या. मग काय लिहायचं ते लिहा माझ्याबद्दल."

खातूबाईंनी चिडून श्वासमापी उचलला. पण त्या वैज्ञानिक होत्या. म्हणून आधी पश्चिमेच्या भिंतीवर गेल्या, तिथे चुना भरपूर होता. दोन तासांनी पडद्यावर रेघ उमटली. साठ रेघांचा चिखल नव्हता. केसासारखी एकच रेघ.

"ज्वारी," त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं ज्वारी. फक्त मे महिन्याच्या सुमाराला जरा हलकी होते."

"आमरस असतो तेव्हा," होनराव ओशाळून म्हणाले. "त्याबरोबर पोळीच लागते."

खातूबाईंनी यंत्र उचललं. मग पूर्वेच्या अंबारखान्यात गेल्या आणि कोणालाही न विचारता उरलेला अर्धा तळहात खरवडायला घेतला. यंत्र दिवसभर चाललं. होनराव दारात बसून होते. ऊन उंबऱ्यावरून सरकत तटापर्यंत गेलं.

"एकच रेघ," आतून आवाज आला. "ज्वारी. तुमच्यासारखीच. सहा महिने तीच."

"आणि सातव्या महिन्यात?"

"दुसरी सुरू झाली. हलकी. भात."

"इकडे भात कोण खातंय तेव्हा?"

"वेढा घालणारी फौज कुठली म्हणालात?"

होनराव उठून उभे राहिले. पूर्व किनाऱ्याची. भाताची. बायको नव्हे, भाऊ नव्हे. शत्रूकडचा एक शिपाई तट चढून आत आला होता, हेरगिरीला म्हणून. आत फौज नव्हती, एक माणूस होता. आणि बाहेरच्या पाच हजारांना ते सांगायला तो गेला नाही.

"पुढे मॅडम? शेवटी रेघ खाली येते ना. एक जण गेला. कधी गेला तो भातवाला?"

आत यंत्र थांबलं. खातूबाई दारात आल्या. हातावर चुन्याची पांढरी पूड होती.

"शेवटच्या एकोणीस दिवसांत पुन्हा एकच रेघ आहे, होनराव. भाताची."

कोटाबाहेर कुठेतरी टिटवी ओरडत गेली. एकोणीस दिवस चुली पेटत होत्या. नगारे वाजत होते. वाजवणाऱ्याला बाहेरचा प्रत्येक तंबू कुणाचा ते ठाऊक असणार.

"ज्वारीवाला मेला असेल," होनराव म्हणाले.

"ते चुन्यात नसतं."

खातूबाईंनी अहवाल खरा लिहिला. पूर्वेला एक, मग दोन, मग पुन्हा एक. पश्चिमेला नऊ वर्षं एक, आणि त्याचं नाव. होनरावांनी तो वाचला, एका जागी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि पिशवी भरून ठेवली.

मुख्यालयाचं पत्र यायला तीन महिने लागले. दरम्यान खातूबाईंचा अहवाल जगभर फिरला होता. बंद खोलीत एका माणसाचा श्वास चुन्यात नेमका किती उतरतो, हे ठरवण्यासाठी एकाच माणसाला एकाच खोलीत, दुसऱ्या कोणाशिवाय, नऊ वर्षं बसवून ठेवायची परवानगी कुठल्याही देशातल्या कुठल्याही नीती-समितीने दिली नसती. बोरनळीला ते परवानगीशिवाय झालं होतं. पॅरिसपासून क्योतोपर्यंत सगळे जुन्या इमारतींतली माणसं आता त्या एका भिंतीवरून मोजू लागले होते. एककाला नावही पडलं होतं. रोमजवळच्या एका तळघरात अडीच होनराव निघाले.

पत्रात तीन कलमं होती. एक, नोंदवहीचा गैरप्रकार गंभीर असला तरी त्यातून प्रमाणभिंत सिद्ध झाल्याने कारवाई स्थगित. दोन, प्रमाण अबाधित राहावे म्हणून पश्चिम हॉलमध्ये प्रेक्षकांस कायमची सक्त मनाई. तीन, श्री. होनराव यांनी पूर्ववत दहा ते पाच तेथे एकट्याने बसावे व आहारात बदल करू नये.

पूर्वेच्या अंबारखान्यात मात्र आता खरोखरच गर्दी होऊ लागली. एकट्याने कोट लढवला ती खोली बघायला माणसं चष्मे काढून येत. त्यांचा कलकलाट पश्चिमेच्या बंद दारापर्यंत पोचे. होनराव आतून ऐकत. आंब्याच्या दिवसांत ते भाकरी खात.

वर्षभराने प्रमाणभिंतीच्या तपासणीला खातूबाई आल्या. होनरावांनी दार उघडलं, त्यांना बघून चेहरा फुलला, आणि लगेच हात आडवा धरला.

"आत नका येऊ, मॅडम."

"अर्धा तास बसते. काय बिघडणार आहे?"

"आकडा बिघडणार. तुम्हीच मला शिकवलंत. जगातली तीनशे माणसं बसल्या जागी अडीचशे होतील."

"तुम्हाला वाटत नाही का, की कोणीतरी आत यावं?"

"तो प्रश्न प्रमाणात येत नाही," होनराव म्हणाले, आणि आत जाऊन स्वतःच्या खुर्चीवर बसले.

खातूबाई पर्स बाजूला ठेवून उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसल्या, पाठ दाराकडे आणि तोंड मैदानाकडे करून, म्हणजे वारा त्यांचा श्वास बाहेर नेईल.

"बोला होनराव," त्या मैदानाला म्हणाल्या. "पाचला अजून चार तास आहेत."